सव्वासहाचा चहा

"…दिवस राहिलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोवर स्वतःला जपायचं."

एवढंच माझ्या कानावर आलं. वाक्याचं डोकं लिफ्टने खाल्लं. आमच्या लिफ्टला जाळीचं दार आहे, आणि ते ओढलं की भांड्यांनी भरलेला ट्रक उलटल्यासारखा आवाज होतो. तो आवाज थांबला तेव्हा माझ्या वाट्याला हे शेपूट आलं. पुढे जे काही झालं त्याचा सगळा दोष मला देण्यात आला. लिफ्टला कुणी एका शब्दाने बोललं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आणखी एक. मी कान लावून बसणारी बाई नाही. माझं दार लिफ्टच्या बरोबर समोर आहे, ही घर बांधणाऱ्याची चूक. दार दिवसभर उघडं असतं, कारण घरात वारा येत नाही. दाराशी स्टूल टाकून मी बसते, कारण भाजी निवडायला उजेड तिथेच असतो. आणि भाजी निवडायला मला दोन तास लागतात, कारण मी ती नीट निवडते. आता ह्यात नाक खुपसणं कुठे आलं, ते ज्याला दिसत असेल त्याने मला येऊन दाखवावं.

बोलत होती ती शेजारची मुलगी, फोनवर, तिच्या आईशी. तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोनच बिऱ्हाडं, एक आमचं आणि एक त्या दोघांचं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत उभं राहून "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" असं विचारते. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अख्ख्या शहरातल्या लिफ्ट तो सुतासारख्या सरळ चालवतो, फक्त आमची सोडून. आमची दुसऱ्या कंपनीकडे आहे, तिला हात लावला तर त्याची नोकरी जाईल. रोज सकाळी तो त्या दाराकडे असा बघतो, जणू डॉक्टरला पेशंटची नाडी दुरून बघायला लावलीय.

तर "दिवस राहिलेत". एखाद्या लग्न झालेल्या मुलीच्या तोंडून हे दोन शब्द ऐकून दुसरा काही अर्थ काढणारा माणूस मला दाखवा. (आमचे हे सोडून. ह्यांनी काहीच अर्थ काढला नसता.) बरं, पुरावे नव्हते का? पोरगी महिनाभर पिवळी पडली होती. एक जिना चढली की कठड्याला टेकायची. वेणी घालायची त्या जागी आता नुसती रबराची गाठ उरली होती. गेल्या मंगळवारी तिच्या पिशवीतून बायकांच्या दवाखान्याचा कागद डोकावत होता, आणि मी तो वाचला नाही, तो मला दिसला. मोठ्या अक्षरात होता.

आमची लेक परदेशात असते. तिच्या वेळी कागदपत्रं होऊन मी पोचेपर्यंत नातू चार महिन्यांचा झाला होता आणि मला बघून रडला होता. तेव्हापासून माझे हात रिकामे आहेत. ह्या मुलीची आई दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब, सासू नाही. म्हणून मी ठरवलं, रोज सकाळी एक कप चहा नेऊन द्यायचा. निर्णय तो एवढासा.

माझा चहा म्हणजे गरम केलेलं तपकिरी पाणी नव्हे. निम्म्याहून जास्त दूध, आणि इतका उकळलेला की कप वाकडा केला तर तो थोडा विचार करून मगच सांडतो. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी बेल वाजवली. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात पाण्याचा रिकामा पेला होता. चहा बघून तिचा चेहरा थोडा गोंधळला.

"काकू, मी तासाभराने घेते."

"तासाभराने तू दुकानाच्या वाटेवर असशील. घे, माझ्यासमोर."

"नाही, पण मला आत्ता…"

"नको वाटतं. माहीत आहे मला," मी म्हटलं आणि एक डोळा मिटला. "नको वाटलं तरी घ्यायचा असतो."

मी डोळा मिटल्याचा अर्थ तिला लागला नाही, हे मला आज कळतंय. त्या दिवशी मला वाटलं, लाजली. तिने चहा घेतला. घेणारच. ती मोठ्यांना नाही म्हणायला न शिकलेली मुलगी आहे, आणि मी नाही ऐकायला न शिकलेली बाई.

चौथ्या दिवशी मला त्यांच्या दाराबाहेरच्या कुंडीतून वाफ येताना दिसली. त्यानंतर मी कप रिकामा होईपर्यंत दारात उभी राहू लागले. त्याच आठवड्यात मला कळलं की अकराला दुकानात तिची लोहाची गोळी असते. लोहाची. म्हणजे आता शंकेला जागाच उरली नाही. एवढी कडक गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली तर पोटाचं काय होईल, म्हणून मी चहाबरोबर एक थर्मासही द्यायला लागले, गरम दुधाचा. "अकराला, गोळीवर, सगळं," असं रोज बजावून. संध्याकाळी थर्मास परत घेताना हलवून बघायचे.

ही बातमी मी कुणालाही सांगितली नाही. तळमजल्यावर आमची शिवणवाली बसते, तिला फक्त सहा झबल्यांची ऑर्डर दिली, आणि ऑर्डर देणं म्हणजे सांगणं नव्हे. तिने कुणासाठी म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते विचारू नकोस, आमच्याच मजल्यावर लागणार आहेत एवढं समज. आमच्या मजल्यावर बिऱ्हाडं दोन, आणि मी एक्कावन्न वर्षांची. उरलेला हिशेब तिला येतो असं मी धरून चालले.

शिवणवालीने हिशेब केला आणि दोन दिवसांत इमारतीला उत्तर कळवलं. लोक चांगले आहेत आमच्याकडचे, ते मी नाकारत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर त्या मुलीची पिशवी तिच्या हातातून ओढून घेऊ लागले. लिफ्टमध्ये ती शिरली की बाकीचे बाहेर पडून जिन्याने जायचे. बिचारीला वाटू लागलं की आपण फार आजारी दिसतोय. एकदा तिने मलाच विचारलं, "काकू, माझ्याकडे बघून लोकांना काय वाटतं हो?" मी म्हटलं, आनंद वाटतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने पहिलीच ओळ चुकीची वाचली असेल.

आणि ह्यांना मी बजावलं होतं की तुम्ही तोंड उघडू नका. आमच्या ह्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान आहे. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधली आणि एकही उघडून वाचलं नाही, असं अभिमानाने सांगतात. ह्यांना खोटं बोलता येत नाही, आणि खरं पूर्ण बोलायचा कंटाळा आहे. असा माणूस बातमीच्या बाबतीत फार धोक्याचा असतो. तर हे जिन्यात त्या लिफ्टवाल्याला भेटले आणि माणुसकी म्हणून बोलून गेले.

"अभिनंदन. जबाबदारी वाढली म्हणे."

"हो ना काका. एकदम अठरा."

"अठरा?"

"आधी नऊच होत्या. आता माझा जोडीदार गेला सोडून, त्याच्याही माझ्याच गळ्यात. रोज एक तरी अडकून बसते, की धावा."

हे घरी आले, पाण्याचा पेला हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "अठरा आहेत म्हणतो. सगळ्या मुली." त्या रात्री जेवले नाहीत. मी विचारत राहिले आणि हे तेवढंच सांगत राहिले.

असे तीन महिने गेले. पहाटे मला उठवत नव्हतं, पाय दगडासारखे जड व्हायचे, चहा उकळेपर्यंत मी ओट्याला टेकून डुलकी काढायचे, पण एक दिवस खाडा केला नाही. तिच्या चेहऱ्यावर मात्र काही रंग येईना. पोटही दिसेना. मी म्हटलं, असतात काही मुली अंगाने अशा.

मग एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली. हातात लांब पाकीट. मी स्टूल पुढे केलं तर बसली नाही.

"काकू, आज रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेतेस. मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तुमचा चहा."

ती दुकानातल्या आवाजात बोलत होती, गिऱ्हाइकाला वाईट नंबर सांगायचा असला की जो आवाज काढतात, त्या. मला वाटलं कौतुक निघतंय. मी पदराला हात पुसून तयार होते. ते सगळं वेगळंच निघालं. तिच्या गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी आहे (ती सगळ्यांच्याच असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं) आणि तिची आळसावली आहे. ती किती आळसावली ते रक्तातल्या एका नंबरावरून कळतं. तिचा आठ होता, तो अडीचच्या खाली यायला हवा. त्यासाठी रोज सहाला उपाशीपोटी एक बारीक गोळी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे तासभर पोटात काही घालायचं नाही. चहा तर नाहीच, दूध नाहीच. दुसरं म्हणजे अंगातला लोहाचा साठा. तो तीसच्या वर हवा, तिचा सात. त्याची गोळी पहिलीपासून चार तास लांब ठेवायची, आणि तिच्यावरही चहा किंवा दूध पडलं तर ती पोटात जाते पण अंगी लागत नाही.

तीन महिन्यांनी आठाचा साडेसात झाला होता. साताचा आठ.

मी उभ्या उभ्या पेटले. माझा चहा? ज्या चहावर माझी लेक डबल पदवीधर झाली, ज्याच्यावर आमच्या ह्यांनी तीस वर्षं सुई ओढली, त्याला एक न पाहिलेली बाई दवाखान्यात बसून नावं ठेवते? आणि दूध? दुधाने कुणाचं वाईट झालेलं मला दाखवा. मी म्हटलं, मी स्वतः पन्नास वर्षं हाच पितेय, मला काय झालंय? (हे बोलताना धाप लागली म्हणून मी स्टुलावर बसले.) आणि एवढे नियम होते तर मला सांगायला काय झालं होतं?

"तुम्ही विचारलं नाहीत, काकू. तुम्ही आणून दिलात."

ह्यावर बोलायला मला काही सुचलं नाही. माझ्या आयुष्यात असं दोनदा झालंय. पहिल्यांदा हे लग्नाला हो म्हणाले होते तेव्हा.

तरी शेवटचं म्हणून मी विचारलं, की तू दिवस राहिलेत म्हणालीस ते मग काय होतं, मी माझ्या ह्या कानांनी ऐकलं. ती थोडा वेळ पाकिटाची कड दुमडत राहिली.

"नव्वद दिवस राहिलेत, म्हटलं होतं आईला. पुढच्या तपासणीला." मग खाली बघून म्हणाली, "गेल्या वर्षी खरंच राहिले होते. आठव्या आठवड्यात गेलं. म्हणून ह्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी हे दोन्ही नंबर जागेवर आणू, मग बाळाचं बघू. मी चौतिसाची होईन आता. आता पुन्हा पहिल्यापासून नव्वद."

भिंतीला भिंत लागून घरं. इथे बसून तळमजल्यावर कुणाचं दूध उतू गेलं ते मला कळतं, आणि त्या मुलीच्या घरात गेल्या वर्षी काय झालं ते कळलं नव्हतं. ती तेव्हा चार दिवस दुकानात गेली नव्हती. मी समजले सर्दी.

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. दिवसाउजेडी माझं दार लागलेलं बघून मास्तर विचारायला वर आले, सगळं ठीक आहे ना.

दोन दिवस मी रागात काढले. कुणावर ते नीट ठरत नव्हतं, म्हणून सगळ्यांवर. हे म्हणाले, "चूक झाली तर झाली." मी म्हटलं, चूक कुणाची झाली ते आधी ठरू द्या. लिफ्टची आहे, "नव्वद" तिने खाल्ला. हे म्हणाले, "आणि 'तोवर'? तो तर ऐकू आला होता तुला." चाळीस वर्षांत ह्यांनी एवढंच एक वाक्य पूर्ण वाचलं असेल, आणि तेही माझ्याविरुद्ध.

तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला मी माझं स्टूल उचललं आणि त्या मुलीच्या दाराबाहेर मांडलं. सहाला आतून पेल्याचा आवाज आला, गोळी गेली. तिथून सातपर्यंत त्या दाराशी मी कुणाला फिरकू दिलं नाही. दूधवाल्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. तो म्हणाला नुसती पिशवी ठेवतो, मी म्हटलं वाससुद्धा यायला नको. सात वाजून पाच मिनिटांनी मी चहा नेऊन दिला, आणि तोही माझ्या जिवावर दगड ठेवून पातळ केलेला. थर्मासात आता लिंबाचं पाणी असायचं. लिंबाने लोह चांगलं लागतं म्हणे. चार दिवसांनी लिफ्टवाला दार उघडून म्हणाला, "काकू, आत येऊन बसा ना, बाहेर गार आहे." मी म्हटलं, आत आले तर मी बोलेन. पहारा मोडेल.

शिवणवालीकडे जाऊन मी झबल्यांची ऑर्डर थांबवली. कारण विचारलं तर म्हटलं, घाई झाली. ह्याहून एक शब्द जास्त बोलले नाही. तिने तोवर सहाही शिवून ठेवली होती, ती कपाटात टाकली. तिला काय समजायचं ते ती समजली असेल. इमारतीतल्या लोकांनी पिशव्या उचलणं मात्र चालूच ठेवलं, आणि मी त्यांना थांबवलं नाही. पोरगी अशक्त होतीच की.

नव्वदाव्या दिवशी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. सोबत म्हणून नव्हे. मला त्या डॉक्टरीणबाईला माझ्या चहाबद्दल जाब विचारायचा होता, आणि मी तीन महिने वाक्यं जमवली होती. लिफ्टवाल्याला यायचं होतं, पण त्याच दिवशी त्याची अठरातली एक अडकली.

बाई माझ्यापेक्षा लहान निघाली. केस कापलेले, पायात कापडी बूट. तिने कागद उलटला आणि आधी चष्मा नाकावर सरकवला. शेजारी बसलेल्या मुलीने माझा हात धरला. इतका घट्ट, की माझी जमवलेली वाक्यं तिथेच विस्कटली. त्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ किती सावकाश चालतं ते मला कळलं.

"दोन पूर्णांक एक," बाई म्हणाली. "लोह चौतीस. छान. आता माझी हरकत नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

 मुलीने तो आकडा माझ्याकडे वळवून दाखवला, बोट ठेवून, जसा ती गिऱ्हाइकाला दाखवते. मला तो नीट दिसला नाही. माझा नंबर वाढला असावा.

मग मी गळा साफ केला आणि माझा जाब सुरू केला. चहाची कुळी, दुधाचे गुण, माझी लेक, सगळं. बाईने मध्ये थांबवलं नाही. फक्त ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या नखांकडे बघत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा तिने माझी खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली, आणि मला विचारू लागली. सकाळी उठवत नाही का? पाय गार पडतात? केस जातात? जिना चढताना धाप? वजन वाढलं का, न खाता? मी म्हटलं, हे सगळं वयाचं. ती म्हणाली, असू शकतं, आपण रक्त बघू. दिवसाला चहा किती? मी सहा सांगितले.

"काकू, नऊ," शेजारची मुलगी म्हणाली. तिला कसं माहीत, तर म्हणे भिंतीतून कप ठेवल्याचा आवाज येतो. लोकांना दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते ऐकायची किती हौस असते बघा.

दोन दिवसांनी माझा रिपोर्ट आला. थायरॉइडचा नंबर नऊ. लोहाचा साठा सहा. म्हणजे ज्या मुलीला मी इतके दिवस सांभाळत होते, तिच्याहून मी एका पायरीने खाली होते आणि वरून चहा ओतत होते. सहाला बारीक गोळी, अकराला लोहाची, दोन्हींनंतर तासभर चहा बंद. नव्वद दिवसांनी पुन्हा या.

आता रोज पावणेसहाला ती मुलगी माझ्या दाराबाहेर स्टूल टाकून वर्तमानपत्र वाचत बसते. मी दार किंचित उघडलं की वर न बघता म्हणते, "अजून पंचवीस मिनिटं, काकू." स्वयंपाकघराची बत्ती लागली तरी तिला कळतं. असली मुलगी मी पाहिली नाही.

माझ्या गोळ्यांबद्दल मी कुणाला सांगितलं नाही. (स्वतःची गोष्ट असली की मला गुप्तता उत्तम जमते.) पण बायकांच्या दवाखान्यातून औषधांची पिशवी घेऊन येताना शिवणवालीने मला पाहिलं होतं, आणि तिने मला न गाठता ह्यांना गाठलं. वहिनींचं सगळं बरं आहे ना, म्हणून विचारलं. ह्यांनी खरं तेच सांगितलं, त्यातलं जेवढं आठवलं तेवढं.

"नव्वद दिवस राहिलेत," हे म्हणाले, आणि दुकान उघडायला निघून गेले.

संध्याकाळी मी दाराशी भाजी निवडत होते. लिफ्ट थांबली आणि शिवणवाली उतरली, हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं. आत सहा झबली, इस्त्री करून, वर एक सातवं तिच्याकडून. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "वहिनी, माझ्यापासून कशाला लपवलंत? तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं, आमच्याच मजल्यावर लागणार म्हणून. मीच वेडी, शेजारच्या दाराकडे बघत बसले."

मी तिला सांगितलं की हे साफ खोटं आहे, गोळ्या थायरॉइडच्या आणि लोहाच्या आहेत. ती म्हणाली, लोहाच्याच देतात. मी म्हटलं, मी एक्कावन्न वर्षांची आहे. ती म्हणाली, म्हणून तर जास्त जपायचं. मग तिने बोटांवर मोजलं.

"नव्वद राहिले म्हणजे सहावा सरला." आणि तिने माझ्या कमरेकडे टेप न लावता बघितलं. "तरीच. गाऊन दोनदा ढिला करून नेलात, तेव्हाच मनात आलं होतं माझ्या."

मी मदतीसाठी शेजारच्या मुलीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, चौकटीला धरून, हसून हसून तिला बोलवत नव्हतं. माझ्या बाजूने साक्ष देऊ शकेल असा तो एकच माणूस इमारतीत होता. ती जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गंभीर चेहरा करून म्हणाली, "काकू, आता उगाच त्रागा नको. स्वतःला जपायचं." मी जे उत्तर दिलं ते लिफ्टच्या दाराने खाल्लं.

तेव्हा खरं काय ते मी इथे लिहून ठेवते. दवाखाना खरा. गोळ्या खऱ्या. नव्वद दिवस खरे, त्यातले आता एकाहत्तर राहिले. बाकी सगळं खोटं. झबली मी परत केली नाहीत, कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहेत. कुणासाठी, ते मी कुणाला सांगणार नाही. शिवणवालीला तर नाहीच. मास्तर माझी पिशवी तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून देतात, ती मी दोनदा परत मागितली, तिसऱ्यांदा मुकाट दिली, जड होती.

आणि गाऊन दोनदा ढिला केला, हेसुद्धा खोटं आहे. तीनदा.